आकाशातली वाट आणि पाळीवरचा माणूस

या लेखाचा विषय पाहून काहींना आश्चर्य वाटेल. कामगार चळवळीत हयात घालविलेल्या माणसाने बोनस, ग्रॅच्युइटी किंवा कंत्राटी कामगार यांविषयी बोलावे. विमानांच्या वाहतुकीशी त्याचा काय संबंध? शंका रास्त आहे. आम्ही विमानशास्त्राचे पदवीधर नाही, किंबहुना कशाचेच पदवीधर नाही. जे काही शिकलो ते सार्वजनिक वाचनालयाच्या बाकावर आणि कारखान्याच्या दाराशी शिकलो. परंतु अपघातानंतर निघणारे चौकशीचे अहवाल वाचण्याची सवय आम्हांला आमच्या कामाने लावली आहे. प्रेसखाली बोटे गेलेल्या कामगाराची बाजू मांडावयाची, तर यंत्र कसे चालते, त्याची जाळी कोणी काढली, शेवटची दुरुस्ती कधी झाली, त्या पाळीवर माणसे किती होती, हे सारे माहीत असावे लागते. तीच सवय घेऊन आम्ही विमान-अपघातांचे अहवाल वाचू लागलो आणि पाहतो तो काय, ओळखीचीच गोष्ट! यंत्र निराळे, उंची निराळी, मृतांचा आकडा निराळा. पण बंद पडलेले उपकरण, अपुरी माणसे आणि शेवटी एका माणसाच्या माथी मारलेला दोष, हे तिन्ही जिथल्या तिथे.

आज आपल्या गावातील पुष्कळ कुटुंबांतले कोणी ना कोणी विमानाने जाते. मुलगा परदेशी असतो, आई उपचारासाठी मोठ्या शहरी नेलेली असते. तेव्हा हा विषय आता श्रीमंतांचा राहिलेला नाही. जमिनीवर बसून विमानांना वाट दाखविणारा माणूस कोणत्या साधनांनी काम करतो, ती साधने बिघडली म्हणजे काय होते, आणि बिघाडातून अपघात होऊ नये म्हणून काय करावे लागते, एवढे तीनच मुद्दे येथे मांडावयाचे आहेत.

काम कसे चालते

खालून पाहणाऱ्याला आकाश मोकळे दिसते. विमानाला ते तसे नसते. मोठी विमाने ठरलेल्या मार्गांनी आणि ठरलेल्या उंचीवरून जातात. जेथे रडारची सोय आहे तेथे लांबच्या प्रवासातील दोन विमानांमध्ये साधारणपणे ५ सागरी मैलांचे, म्हणजे सव्वानऊ किलोमीटरचे, आडवे अंतर तरी असावे, नाही तर १,००० फुटांचे उभे अंतर तरी असावे, असा नियम आहे. हे अंतर मोठे वाटते. पण थोडा हिशेब करून पाहा. ताशी ९०० किलोमीटर वेगाने दोन विमाने समोरासमोर येत असतील तर ती ताशी १,८०० किलोमीटरने, म्हणजे सेकंदाला अर्धा किलोमीटर या गतीने, एकमेकांजवळ येतात. पाच किलोमीटरांवर असलेले विमान वैमानिकाला दिसले, तर त्याच्या हाती दहा सेकंद उरतात. त्यात ओळखायचे, ठरवायचे आणि शेकडो टनांचे यंत्र वळवायचे! म्हणून केवळ वैमानिकाच्या डोळ्यांवर हे काम सोडता येत नाही. ते जमिनीवरच्या नियंत्रकाकडे दिलेले आहे.

या नियंत्रकाला चार साधने लागतात. पाहण्यासाठी रडार, बोलण्यासाठी रेडिओ, शेजारच्या केंद्राशी संपर्क साधण्यासाठी टेलिफोन, आणि कोणते विमान कोठून कोठे निघाले आहे हे आधी कळण्यासाठी उड्डाणाची माहितीपत्रके.

रडार दोन प्रकारचे असते. पहिला प्रकार विहिरीत हाक मारल्यासारखा आहे. रेडिओच्या लहरी सोडायच्या, त्या विमानावर आपटून परत आल्या की विमान कोणत्या दिशेला, किती दूर आहे ते समजते. पण ते किती उंचीवर आहे हे या प्रतिध्वनीतून नियंत्रकाला कळत नाही. दुसरा प्रकार शाळेतील हजेरीसारखा आहे. जमिनीवरचे यंत्र विचारते आणि विमानातील यंत्र आपला चार आकडी क्रमांक व आपली उंची सांगून ‘हजर’ म्हणते. हा फरक ध्यानात ठेवावा. पुढे आपल्याच देशातील एका घटनेत तो लागणार आहे.

याशिवाय वैमानिकाला वाट शोधण्यासाठी जमिनीवर रेडिओची दिशादर्शक केंद्रे असतात, आणि धुक्यात वा पावसात उतरण्यासाठी धावपट्टीजवळ दोन किरणे सोडणारी यंत्रणा असते. एक किरण धावपट्टीची मध्यरेषा दाखवितो, दुसरा सुमारे ३ अंशांचा उतार दाखवितो. या यंत्रणेतील एक गोष्ट आम्हांला फार शहाणपणाची वाटते. तिच्याजवळ एक पहारेकरी यंत्र बसविलेले असते. किरण ठरलेल्या जागेवरून मर्यादेबाहेर सरकला तर ते पहारेकरी यंत्र ती सारी यंत्रणाच बंद करते. खोटी खूण दाखविण्यापेक्षा खूणच न दाखविणे बरे, हा त्यामागील विचार. बंद पडलेले यंत्र माणसाला सावध तरी करते; चुकीचे सांगणारे यंत्र त्याला दरीकडे घेऊन जाते. उपग्रहांवरून येणाऱ्या संकेतांच्या बाबतीत हीच काळजी आज जगभर आहे, कारण कोणीतरी जमिनीवरून खोटे संकेत पाठविले तर विमानाला आपण भलत्याच ठिकाणी आहोत असे वाटू लागते. असे प्रकार दिल्लीच्या परिसरातही २०२५ साली नोंदले गेले. जमिनीवरची जुनी दिशादर्शक केंद्रे ‘आता काय उपयोगाची’ म्हणून काढून टाकण्याची घाई करू नये, याचे हे एक कारण आहे.

एका रात्रीची हकीकत

आता एक घटना सविस्तर पाहू. १ जुलै २००२ ची रात्र. रशियातील बश्कीर प्रदेशाचे एक तुपोलेव विमान मॉस्कोहून बार्सिलोनाला निघाले होते. त्यात ६९ माणसे होती आणि त्यांपैकी बहुतेक उफा शहरातील, सुट्टीला निघालेली मुले होती. दुसरे विमान मालवाहू बोइंग. इटलीतील बेर्गामोहून ब्रसेल्सला चाललेले. त्यात दोघे वैमानिक. दक्षिण जर्मनीतील उबरलिंगेन या गावावर, ३६,००० फुटांवर, या दोघांच्या वाटा एकमेकींना छेदत होत्या. तो भाग जर्मनीचा असला तरी तेथील आकाश स्वित्झर्लंडमधील झुरिचच्या केंद्राकडे सोपविलेले होते.

त्या केंद्रात रात्रपाळीला दोन नियंत्रक होते. रात्री वर्दळ कमी, म्हणून एकाने काम पाहावे व दुसऱ्याने विश्रांती घ्यावी, असा प्रघात वर्षानुवर्षे चालत आलेला. व्यवस्थापनाला तो ठाऊक होता आणि त्यांनी तो चालू दिला होता. त्या रात्री रडारच्या संगणकावर दुरुस्तीचे काम निघाले. यंत्रणा कमी क्षमतेच्या पद्धतीवर चालत होती, त्यामुळे दोन विमाने जवळ येत असल्याचा इशारा पडद्यावर उमटणार नव्हता. त्याच वेळी मुख्य टेलिफोनही दुरुस्तीसाठी बंद केलेला, आणि त्याच्या बदली असलेल्या राखीव टेलिफोनात बिघाड. या कामांमुळे कोणकोणती साधने मिळणार नाहीत, हे नियंत्रकांना दिलेल्या सूचनांत स्पष्ट केलेले नव्हते.

अशात उशीर झालेले एक एअरबस विमान फ्रीड्रिक्सहाफेन विमानतळावर उतरण्यासाठी आले. त्याच्यासाठी नियंत्रकाला दुसऱ्या टेबलावरचा पडदा आणि दुसरी रेडिओ-लहर सांभाळावी लागली. त्या विमानतळाला टेलिफोन करावा तर तो लागेना. रात्र थोडी आणि सोंगे फार, अशी त्याची अवस्था झाली. एक माणूस, दोन टेबले, दोन लहरी आणि मुका टेलिफोन.

इकडे जर्मनीतील कार्ल्सरूह केंद्राच्या पडद्यावर धोक्याचा इशारा उमटला. तेथील नियंत्रकाने झुरिचला सांगण्याची पुन्हा पुन्हा खटपट केली. पण टेलिफोन लागला नाही. ती विमाने त्याच्या ताब्यातील नसल्यामुळे नियमाप्रमाणे त्याला त्यांच्याशी थेट बोलताही येईना. धोका दिसत होता एकाला, आणि हुकूम देण्याचा अधिकार दुसऱ्याला. मध्ये तुटलेली तार.

झुरिचच्या नियंत्रकाच्या लक्षात ही गोष्ट आली तेव्हा टक्कर ४३ सेकंदांवर होती. त्याने रशियन विमानाला खाली उतरण्यास सांगितले. आणि येथे दैवाने नव्हे, नियमांतील फटीने घात केला. दोन्ही विमानांत टक्कर टाळणारी स्वयंचलित यंत्रे होती. त्या यंत्रांनी आपसांत ठरवून मालवाहू विमानाला ‘खाली’ आणि रशियन विमानाला ‘वर’ असे सांगितले. मालवाहू विमान यंत्राचे ऐकून खाली गेले. रशियन विमान माणसाचे ऐकून खालीच गेले. जमिनीवरच्या नियंत्रकाला विमानांतील यंत्रांनी काय सांगितले हे कळत नव्हते. रात्री ११ वाजून ३५ मिनिटांनी, ३५,००० फुटांच्या किंचित खाली, दोन्ही विमाने एकमेकांवर आदळली. ७१ माणसे गेली. कोणीही वाचले नाही.

जर्मनीच्या चौकशी-मंडळाने २००४ साली अहवाल दिला. त्यात नियंत्रकाला धोका उशिरा दिसला हे लिहिले आहे. रशियन वैमानिकांनी यंत्राविरुद्ध उतार चालू ठेवला हेही लिहिले आहे. पण अहवाल तेथे थांबत नाही. यंत्र व माणूस यांच्या सूचना परस्परविरोधी आल्या तर कोणाचे ऐकावे, याविषयीचे नियम धड स्पष्ट नव्हते, असे तो सांगतो. रात्री एकट्या माणसावर काम टाकण्याचा प्रघात व्यवस्थापनाने चालू दिला, हेही तो सांगतो.

अहवाल येण्यापूर्वीच, फेब्रुवारी २००४ मध्ये, त्या नियंत्रकाचा त्याच्या घराच्या दारात खून झाला. खून करणाऱ्या माणसाची पत्नी आणि दोन मुले त्या विमानात गेली होती. त्या बापाच्या दुःखाला आम्ही नावे ठेवीत नाही. पण त्याला दोषी म्हणून एकच चेहरा दिसला, आणि तो पाळीवरच्या माणसाचा होता, ही गोष्ट विसरता येत नाही. सप्टेंबर २००७ मध्ये स्विस न्यायालयाने त्या नियंत्रण संस्थेतील चौघांना दोषी ठरविले. तिघा व्यवस्थापकांना स्थगित कारावासाची शिक्षा झाली, एकास दंड. आणखी चौघे निर्दोष सुटले. पाळी कशी लावली आणि टेलिफोन कोणत्या वेळी बंद केला, हे ठरविणाऱ्यांपर्यंत कायद्याचा हात पोहोचला खरा. पण पाच वर्षांनी.

राखीव यंत्राचा भरवसा

कोणी म्हणेल, ‘यंत्र बिघडेल म्हणून तर दुसरे राखीव ठेवतात.’ बरोबर आहे. पण राखीव म्हणजे काय, हे नीट पाहिले पाहिजे.

१४ सप्टेंबर २००४ रोजी दक्षिण कॅलिफोर्नियावरील विस्तीर्ण आकाश सांभाळणाऱ्या पामडेल येथील केंद्राचा विमानांशी असलेला रेडिओ-संपर्क एकाएकी तुटला. शेकडो विमाने हवेत आणि नियंत्रक मुके! पडद्यावर विमाने जवळ येताना दिसत होती, सांगता येत नव्हते. काही नियंत्रकांनी आपल्या खिशातील मोबाइल फोनवरून शेजारच्या केंद्रांना विनविले की आमची विमाने तुम्ही सांभाळा. विमाने नियमापेक्षा जवळ आल्याचे काही प्रसंग घडले. टक्कर मात्र झाली नाही.

कारण काय निघाले? त्या यंत्रणेच्या संगणकात वेळ मोजणारा एक आकडा होता. तो ४,२९,४९,६७,२९६ पासून एकेक मिलिसेकंदाने उतरत असे. हा आकडा शून्यावर येण्यास ४९ दिवस आणि सुमारे १७ तास लागतात. शून्य झाले की यंत्रणा बंद. हा दोष वरिष्ठांना आधीच ठाऊक होता! त्यावर उपाय म्हणून दर ३० दिवसांनी एका तंत्रज्ञाने यंत्रणा बंद करून पुन्हा सुरू करावी, असा नियम केलेला होता. त्या खेपेस ते राहून गेले. राखीव यंत्रणा सुरू झाली, पण तीही थोड्याच वेळात कोसळली. मग वृत्त आले: ‘मानवी चूक’.

कारखान्यात काम केलेल्याला हे शब्द चांगले परिचयाचे आहेत. एका कारखान्यात, नाव सांगण्याचे कारण नाही, एका यंत्राचा ब्रेक अधूनमधून अडकत असे. नवा ब्रेक बसविण्याऐवजी ‘दर पाळीला फिटरने तेल द्यावे’ अशी पाटी लावली. फिटर होते तीन. कपातीत एक राहिला. एके दिवशी तेल देणे राहिले आणि एका मदतनिसाचा हात गेला. आरोपपत्र मिळाले ते फिटरला. पाटी लावणाऱ्याला मिळाले नाही. यंत्रातील दोष दुरुस्त न करता तो माणसाच्या आठवणीवर टांगून ठेवला, तर एक दिवस आठवण चुकणार हे ठरलेलेच असते. ती ‘मानवी चूक’ खरीच. पण ती पाटी लिहिली त्या दिवशी झालेली असते.

दुसरे उदाहरण २८ ऑगस्ट २०२३ चे, इंग्लंडमधले. विमानांची उड्डाणपत्रके तपासून पुढे पाठविणाऱ्या संगणकाकडे अमेरिकेतून पॅरिसला जाणाऱ्या एका विमानाचे पत्रक आले. त्या मार्गावरील दोन ठिकाणांचे संक्षिप्त नाव एकच होते. एक अमेरिकेत, दुसरे फ्रान्समध्ये, हजारो मैलांचे अंतर. एका गावात दोन बापू पाटील असले तर पोस्टमन दारी चौकशी करतो. संगणकाला ते जमले नाही. चुकीची माहिती पुढे जाऊ नये म्हणून तो स्वतःहून बंद झाला. येथवर त्याचे वागणे त्या पहारेकरी यंत्रासारखे योग्यच होते. मग राखीव संगणक सुरू झाला. त्याच्यापुढे तेच पत्रक आले, त्याच्या पोटात तीच आज्ञावली होती, म्हणून तोही त्याच जागी बंद पडला. या साऱ्याला अर्धे मिनिटही लागले नाही. दिवस सार्वजनिक सुट्टीचा. जाणकार अभियंता कामावर हजर नव्हता, घरी होता. घरून काही जमेना, तेव्हा त्याला केंद्रापर्यंत यावे लागले. सात लाखांवर प्रवाशांचे हाल झाले.

यातून दोन गोष्टी शिकण्यासारख्या आहेत. एकाच साच्यातून काढलेली दोन यंत्रे ही दोन नसतात. ती एकाच यंत्राच्या दोन सावल्या असतात. कंदिलाला पर्याय म्हणून दुसरा कंदील ठेवावा आणि रॉकेल मात्र एकाच डब्यातले, त्यातला हा प्रकार. दुसरी गोष्ट अशी की, यंत्र दुरुस्त करणारा माणूस कामावर हजर असणे हाही सुरक्षिततेचाच भाग आहे. तो खर्चाच्या वहीत ‘रिकामा’ दिसतो. अग्निशामक दलाचा जवानही आग नसते तेव्हा रिकामाच दिसतो.

आपल्या घरची उदाहरणे

१२ नोव्हेंबर १९९६ रोजी हरियाणातील चरखी दादरीवर सौदी अरेबियाचे बोइंग आणि कझाकस्तानचे इल्युशिन यांची हवेत टक्कर होऊन ३४९ माणसे मृत्यू पावली. हवेत दोन विमानांच्या टकरीत एवढी माणसे जगात कोठेही, कधीही गेलेली नाहीत. बोइंग दिल्लीहून निघून वर चढत होते. त्याला १४,००० फुटांवर थांबण्यास सांगितले होते. इल्युशिन दिल्लीकडे उतरत होते; त्याने १५,००० फुटांवर थांबावयाचे होते. ते थांबले नाही, खाली आले. न्यायमूर्ती लाहोटी यांच्या चौकशीत कझाक वैमानिकांकडे दोष गेला. त्यांना इंग्रजीत दिलेल्या सूचना नीट समजल्या नाहीत, हे त्यामागचे एक कारण. नियंत्रकाने दोघांनाही योग्य उंची सांगितली होती.

मग यंत्राचा प्रश्न येथे नव्हता काय? होता. दिल्लीत त्या दिवशी नियंत्रकापुढे विहिरीच्या हाकेचे रडार होते, हजेरीचे नव्हते. दोन ठिपके जवळ येताना त्याला दिसू शकत होते. पण त्यांपैकी एकाने आपली उंची सोडली आहे हे दिसण्याची सोय नव्हती. शिवाय येणारी आणि जाणारी विमाने एकाच मार्गाने सोडली जात. वैमानिक चुकला हे खरे. पण त्याची चूक पकडण्यासाठी जी दुसरी नजर असावयास हवी होती, ती आंधळी होती. पुढे जाण्यायेण्याचे मार्ग वेगळे झाले, उंची दाखविणारे रडार आले, आणि भारताच्या आकाशात येणाऱ्या मोठ्या विमानांत टक्कर टाळणारे यंत्र सक्तीचे झाले. तहान लागल्यावर विहीर खणली. पण खणली हे मान्य केले पाहिजे.

अलीकडची गोष्ट नोव्हेंबर २०२५ ची. दिल्लीत ६ व ७ तारखेस उड्डाणपत्रकांचे संदेश पोहोचविणारी स्वयंचलित यंत्रणा बिघडली. शेकडो विमानांना उशीर झाला. वर्तमानपत्रांनी ताटकळलेल्या प्रवाशांची छायाचित्रे छापली, ते योग्यच होते. पण एक छायाचित्र कोणी छापले नाही. यंत्राचे काम हाताने करीत, प्रत्येक विमानाचा तपशील स्वतः भरत, वेग कमी करून पण अंतर कमी न करता बसलेल्या नियंत्रकांचे. उशीर झाला म्हणजे व्यवस्था कोसळली असे आपण समजतो. वास्तविक यंत्र बिघडल्यावर विमाने उशिरा सुटणे हे व्यवस्था शाबूत असल्याचे चिन्ह आहे. ती वेळेवर सुटत राहिली असती तर घाबरण्याचे कारण होते. यंत्रणेच्या जीर्णपणाकडे आपण आधीच लक्ष वेधले होते, असे नियंत्रकांच्या संघटनेने जाहीरपणे सांगितले. अशा इशाऱ्याचे पुढे काय होते, हा खरा प्रश्न आहे.

इशारा देणाऱ्याचे काय होते?

१० सप्टेंबर १९७६ रोजी त्या वेळच्या युगोस्लाव्हियात, झाग्रेबजवळ, एक ब्रिटिश आणि एक युगोस्लाव्ह विमान हवेत आदळून १७६ माणसे मेली. त्या केंद्रात वर्दळ प्रचंड, माणसे अपुरी. टकरीपूर्वीच्या मिनिटांत एक तरुण नियंत्रक दोघांचे काम एकटा पाहत होता. खटला पुष्कळांवर झाला, शिक्षा त्या एकालाच: सात वर्षे कैद. जगभरच्या नियंत्रकांनी त्याच्यासाठी आवाज उठविला आणि सुमारे दोन वर्षांनी त्याची सुटका झाली. चोर सोडून संन्याशाला फाशी, ही म्हण आपल्याकडे उगाच पडलेली नाही.

अशा शिक्षेने न्याय झाला असे वाटते. परिणाम मात्र उलटा होतो. नियंत्रक, तंत्रज्ञ, वैमानिक हे सारे एक गोष्ट शिकतात: चूक झाली, थोडक्यात निभावले, तर गप्प बसावे. आणि थोडक्यात निभावलेले प्रसंग हीच तर अपघाताची आगाऊ पत्रे असतात. १ डिसेंबर १९७४ रोजी अमेरिकेत वॉशिंग्टनजवळ एक विमान उतरताना डोंगरावर आदळून ९२ माणसे गेली. नियंत्रकाचे शब्द आणि नकाशावरील उंची यांचा अर्थ वैमानिकाने एक घेतला, यंत्रणेला दुसरा अभिप्रेत होता. सहा आठवड्यांपूर्वी दुसऱ्या एका कंपनीचे विमान त्याच फसव्या जागी थोडक्यात वाचले होते. त्या कंपनीने आपल्या वैमानिकांना सावध केले. इतरांपर्यंत ती बातमी गेलीच नाही. या अपघातानंतर, १९७६ साली, अमेरिकेत एक व्यवस्था सुरू झाली. कोणीही विमान-कर्मचारी आपली वा दुसऱ्याची चूक लिहून कळवू शकतो. ते कागद विमान खात्याकडे न जाता नासा या संशोधन संस्थेकडे जातात, आणि तेथे लिहिणाऱ्याचे नाव काढून टाकले जाते. ज्याच्या हाती शिक्षा, त्याच्या हाती कबुली द्यायची नाही, एवढेच त्यातले सूत्र.

उबरलिंगेनचे पत्रही आधी येऊन गेले होते. ३१ जानेवारी २००१ रोजी जपानमध्ये दोन प्रवासी विमाने अशाच परस्परविरोधी सूचनांमुळे थोडक्यात वाचली. धक्क्याने शंभराच्या आसपास माणसे जखमी झाली. जपानने आंतरराष्ट्रीय विमान संघटनेला नियम स्पष्ट करण्याविषयी लिहिले. यंत्राने दिलेली सूचना पाळावी, नियंत्रक काही सांगत असला तरी, हा नियम स्पष्टपणे आला नोव्हेंबर २००३ मध्ये. त्या दोन तारखांच्या मध्ये १ जुलै २००२ आहे.

येथे आमच्यावर एक आक्षेप येईल, आणि तो आम्ही स्वतःच घेतो. कामगारांचा माणूस म्हणून आम्ही कर्मचाऱ्याला सोडवू पाहतो काय? नाही. नशा करून पाळीवर येणारा, खोटी नोंद करणारा, जाणूनबुजून नियम मोडणारा माणूस आमच्या संघटनेतही आम्हांला नको. त्याला शिक्षा झालीच पाहिजे. पण चुकणे आणि बेपर्वाई यांत अंतर आहे. चुकलेल्या माणसाला काढून टाकले आणि टेलिफोन, पाळी व पाटी तशीच ठेवली, तर उद्या त्या खुर्चीवर बसणारा दुसरा, कदाचित अधिक हुशार माणूसही तेथेच चुकेल.

यंत्रांविषयीही आमचा राग नाही. टक्कर टाळणाऱ्या यंत्राने आजवर किती प्राण वाचविले असतील! यंत्राला झोप येत नाही. पण आपण बिघडलो आहोत हे त्याला नेहमीच कळत नाही. माणसाला झोप येते. पण काहीतरी चुकते आहे अशी शंका त्याला येते. दोघांनी एकमेकांवर पहारा ठेवावा, यातच प्रवाशाचे हित आहे. यंत्र आणले म्हणून माणूस कमी केला, तर पहारा एकाचाच उरतो.

आपण काय विचारावे?

विमानतळ मंजूर झाला की आपल्याकडे मिरवणूक निघते. इमारतीची भव्यता, काचेचे दरवाजे, दुकाने यांची वर्णने छापून येतात. यापुढे नागरिकांनी आपल्या प्रतिनिधीला आणखी चार प्रश्न विचारावेत. रात्रपाळीला नियंत्रक किती असतात, आणि एक विश्रांतीला गेला तर खुर्चीवर दुसरा बसतो काय? दुरुस्तीसाठी एक साधन बंद करताना त्याचे राखीव साधन चालू आहे हे आधी तपासतात काय, आणि पाळीवरच्या माणसाला ते लेखी सांगतात काय? राखीव यंत्र मुख्य यंत्राहून वेगळ्या पद्धतीचे आहे, की त्याचीच सावली? आणि बिघाड कळविणाऱ्या कर्मचाऱ्याला उत्तर मिळते, की बदलीचा हुकूम?

हे प्रश्न विमानतळापुरतेच नाहीत. रेल्वेच्या सिग्नलपाशी, इस्पितळाच्या अतिदक्षता कक्षात, धरणाच्या दरवाजांवर, विजेच्या केंद्रात, जेथे जेथे एक माणूस रात्री यंत्रासमोर बसून शेकडो झोपलेल्यांचा जीव सांभाळतो, तेथे तेथे हेच चार प्रश्न लागू आहेत. त्या रात्री उबरलिंगेनच्या आकाशात जी मुले होती त्यांना वाचविण्यासाठी नवा शोध लागणार नव्हता. एक चालू टेलिफोन आणि खुर्चीवर दुसरा माणूस, एवढे पुरले असते.